बडोद्याहून दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला स्कूबासाठी जावं का, की दुसरा हंगाम बघावा?

दिवाळीत अंदमान नको. तुम्ही लिहिलंय की घरातले चौघं जाणार, दोघांनी आजवर डायव्हिंग केलेलं नाही, मुलांना लांब सुट्टी तेव्हाच मिळते आणि ट्रॅव्हल एजंट ‘ऑक्टोबरला सीझन सुरू होतो’ म्हणून आगाऊ पैसे मागतोय. तो खोटं बोलत नाही. ऑक्टोबरला हॉटेलांचा सीझन सुरू होतो, समुद्राचा नाही.

आपला बडोदेकरांचा हिशेब असा असतो की गरबे उरकले म्हणजे पाऊस संपला. बंगालच्या उपसागरात तो तेव्हा फक्त दिशा बदलतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत वारा नैऋत्येचा, आणि तो पडतो न पडतो तोच ईशान्येचा सुरू होतो. अंदमानला दोन्ही झोडपतात. वर्षाला तिथे सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे बडोद्याच्या तिपटीहून जास्त. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. 2013च्या नोव्हेंबरात ‘लेहर’ अंदमानवरूनच पुढे गेलं. 2016च्या डिसेंबरात हॅवलॉक आणि नील या बेटांवर 1400च्या आसपास पर्यटक अडकले होते, त्यांना आणायला नौदल पाठवावं लागलं. तीच वादळी प्रणाली पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ होऊन चेन्नईला धडकली.

आता कुणी म्हणेल, पाण्याखाली गेल्यावर पावसाचं काय? खरं आहे, पावसाने डाइव्ह बिघडत नाही. बिघडवतो तो वारा. त्याने बोट हलते, नवख्याला पाण्यात उतरण्याआधीच उलटी होते, आणि बंदरावर बावटा लागला की फेरी आणि डाइव्हची बोट दोन्ही बंद. दुसरं म्हणजे किनाऱ्यावरून वाहून येणारी माती. मोठ्या सरीनंतर उथळ जागांचं पाणी पावसाळ्यातल्या आपल्या विश्वामित्री नदीसारखं होतं, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्यांना नेतात ते नेमकं उथळ जागीच. 12 मीटरपेक्षा खोल नेत नाहीत त्यांना.

मी हॅवलॉकला (2018 पासून स्वराज द्वीप) डिसेंबरातही उतरले आहे आणि मार्चमध्येही. डिसेंबरात आकाश निळंशार असतं, फोटो छान येतात, पण ईशान्येचा वारा चालूच असतो. तिथली बरीचशी डाइव्ह सेंटरं बेटाच्या पूर्व अंगाला आहेत, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर. मार्चमध्ये तोच समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. फेब्रुवारी ते एप्रिल हे तिथले खरे महिने. तेव्हा पाण्यात 20-25 मीटर दूरचं दिसू शकतं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज यांसारख्या खोल समुद्रातल्या जागांपर्यंत बोटी नेमाने जातात. कुणाला बॅरन बेटाच्या ज्वालामुखीजवळ डाइव्ह करायचा असेल तर त्याचाही मुहूर्त हाच. एप्रिलअखेरीपासून मात्र पाणी फार तापू लागतं. 2010 आणि 2016 च्या उन्हाळ्यात तिथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. मे महिन्याच्या विशीत तर मोसमी पाऊस येऊनच धडकतो, त्यामुळे उन्हाळी सुट्टीतलं अंदमान म्हणजे फार तर मेचा पहिला आठवडा, तोही नाखुशीने.

महिना ठरला की कालनिर्णय उघडा. एजंट हे सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, तळाची रेती ढवळली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी संथ. मालवणच्या कोळ्याला हे सांगावं लागत नाही, पण बडोद्यात बसून बुकिंग करणाऱ्याला तिथी आठवते ती उपासापुरती. आणि गंमत बघा, आपले सुट्टीचे सण नेमके उधाणाचे. लक्ष्मीपूजन अमावास्येला, होळी पौर्णिमेला. सूर्याच्या हिशेबाने येतं ते एकटं उत्तरायण, आणि तेव्हा पतंग सोडून गाव सोडायला आपल्याकडे कोण तयार होतं! अनुभवी डायव्हर मुद्दाम ओढ शोधत जातात, कारण तिथे मासे जास्त जमतात. तुमच्या घरातल्या दोघांनी मात्र पहिली बुडी अष्टमीच्या आगेमागे मारावी.

माझं ऐकाल तर दिवाळी घरी करा, लाभपाचमेला बुकिंग करा, आणि 26 जानेवारीची गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारीत मुलांची आठवडाभर शाळा बुडवून जा. दहावी-बारावीचं कुणी असेल तर अर्थात हे शक्य नाही.

आणि दिवाळीलाच जायचं असेल, तर तारखा धरून ठेवा आणि बेट बदला.

मालदीव मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. ते विषुववृत्ताला इतकं जवळ आहे की चक्रीवादळं सहसा तिथवर पोचत नाहीत. तिथेही दोन वारे आहेत. मे ते नोव्हेंबर नैऋत्येचा, त्याला ते हुलहांगू म्हणतात, आणि मग एप्रिलपर्यंत ईशान्येचा इरुवाई. सर्वांत स्वच्छ पाणी जानेवारी ते एप्रिलमध्ये मिळतं. नोव्हेंबर अदलाबदलीचा महिना, सरी येतात, पण दिवसच्या दिवस वाया जात नाहीत. पाणी थोडं गढूळ असेल तर लगेच नाक मुरडू नका. तो गढूळपणा पुष्कळदा प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असतो आणि मांटा रे हे मोठे चपटे मासे त्याच्याच मागे येतात. बा अटोल या बेटसमूहातल्या हनिफारू उपसागरात नैऋत्य मोसमात त्यांचे थवे जमतात, मात्र तिथे सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्याच्या वरच्या थरात पोहायचं. खर्चाची धास्ती असेल तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्ट हाउस घ्या. तिथे दारूबंदी असते, पण आपल्याला त्याची सवय आहेच.

लक्षद्वीप ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत चालतं आणि तिथलं प्रवाळ फार देखणं आहे. पण परवाना लागतो, जागा मोजक्या, आणि दिवाळीत तेही बेभरवशाचं. 2019 मध्ये दिवाळी संपते न संपते तोच ‘महा’ चक्रीवादळ तिथे पोचलं होतं. पुढे तेच गुजरातकडे वळलं, आठवत असेल. थायलंडचं कोह ताओ नोव्हेंबरात अजिबात नको, तिथला मोठा पाऊस तेव्हाच पडतो. उलट जून-जुलैत ते उत्तम, तेव्हा उन्हाळी सुट्टीच्या शेवटाला ते बसतं. बालीत दिवाळी ऑक्टोबरात आली तर जमेल, पण नुसा पेनिडाच्या थंड आणि ओढीच्या पाण्यात नवख्यांना नेऊ नका. नुसती चव घ्यायची असेल तर तारकर्ली-मालवण आहेच. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, तरी दोघांना ही गोष्ट झेपते का, हे कमी पैशांत कळेल.

दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांच्या धुरानं सर्दी झालेली असते, तेही धरा. नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सोडता येत नाही, आणि चांगलं डाइव्ह सेंटर तुम्हाला उतरूच देणार नाही. गोळी घेऊन सर्दी दडपून खाली जाऊ नका. 10 मीटरवर गोळीचा असर उतरला तर वर येताना फार दुखतं.

कुठेही गेलात तरी शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यांत निदान 18 तास ठेवा. बडोद्याहून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) थेट विमान नाही, त्यात हॅवलॉकची फेरी वाऱ्यावर अवलंबून, म्हणून फेब्रुवारीतसुद्धा शेवटचा एक दिवस कोरा सोडा. आणि एजंटला पैसे देण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: समुद्र बंद राहिला तर डाइव्हचे पैसे परत मिळणार की ‘पुढच्या वेळी या’ म्हणणार?