दोन टक्के दलाली वाचवायची का?

नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे: तिडके कॉलनीच्या बाजूला, नासर्डी नदीजवळ, सतरा वर्षं जुना टू बीएचके पसंत पडलाय. किंमत 42 लाख. एजंट दोन टक्के मागतो. मेहुणे म्हणतात, मालकाचा नंबर मिळालाच आहे तर थेट बोला, 84,000 वाचतील. शिल्लक 13 लाख आहे. काय करू?

ज्याने फ्लॅट दाखवला त्यालाच वगळून मालकाला गाठणं मला पटत नाही. पण 84,000 तुम्हाला झेपणारेही नाहीत. या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज देते. म्हणजे 8 लाख 40 हजार तुमचे, वर स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचे अडीच-तीन लाख, तेही खिशातूनच. उरतात दीड-दोन लाख. त्यातच रंगकाम, सामान हलवणं आणि अडीअडचण.

म्हणून एक टक्क्यावर, 42,000 वर बोला. घर फक्त तुमच्या पत्नीच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत मिळते, म्हणजे साधारण तेवढेच पैसे सुटतात. मात्र जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट घेणार असाल, तर मालकीत नाव नसताना ती तुम्हाला मिळणार नाही. आधी तो हिशेब करा.

आता प्रश्न, हा माणूस 42,000 चं काम करतो का. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याला त्यांच्या एजंटाने इंदिरानगरातला फ्लॅट मुद्दाम सकाळी सहाला दाखवला, पाणी तेव्हा येतं म्हणून. स्वयंपाकघरातला नळ सोडला तर करंगळीएवढी धार. खाली वॉचमनला विचारलं, टँकर किती येतात? आठवड्याला तीन. गेटबाहेर येऊन तो म्हणाला, "ताई, हा नको." त्या दिवशीची त्याची दलाली बुडाली. चार महिन्यांनी त्यांनी घर घेतलं ते त्याच्याकडूनच.

तुमच्या एजंटाला आधी पूररेषेचं विचारा. 2008 च्या महापुरानंतर नाशकात पूररेषा आखल्या गेल्या. तुमची इमारत निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीला जवळच्या पूररेषेच्या, आत असेल तर पुढे ती पाडून नवी बांधताना अडचण येईल. हा प्रश्न लांबचा नाही: वीस वर्षांचं कर्ज फिटेल तेव्हा इमारत सदतीस वर्षांची असेल! त्याच सोसायटीतल्या मागच्या विक्रीचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला आणि मालकाच्या कर्जाचा बोजा, हेही त्याने न कुरकुरता दाखवायला हवं.

दलाली लिहून ठरवा, व्हॉट्सॲपवर का होईना: निम्मी खरेदीखताच्या नोंदणीला, निम्मी ताबा मिळाल्यावर. इसार चेकनेच द्या, तोही वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीचा अहवाल, हातात आल्यावर. वकील तुमचा असू दे, एजंटाने आणलेला नको. एजंटाला पैसे मिळतात ते व्यवहार झाला तरच, वकिलाला तुम्ही घर नाकारलंत तरी मिळतात.

पूररेषेचा नकाशा बघायला एजंट तुमच्याबरोबर राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेत, यायला तयार झाला, तर त्याला 42,000 खुशाल द्या. "साहेब, इथं कधी पाणी आलंच नाही" एवढंच ऐकवत राहिला, तर एजंट बदला आणि फ्लॅटही.