फिटच्या गोळ्या चालू आहेत आणि तोल जातोय, एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलाय

ताई, तुम्ही लिहिलंय की दिरांना सोळा वर्षं फिट्सचा त्रास आहे, पहिल्यापासून फेनिटॉइन ही फिटची गोळी चालू आहे, दिवाळीत एक फिट आली म्हणून डोस ३०० मिग्रॅचा ४०० केला आणि आता दोन महिने झाले भिंत धरून चालतात, जीभ जड झालीये, एमआरआयमध्ये सेरेबेलर अॅट्रॉफी म्हणजे लहान मेंदू आक्रसल्याचं लिहून आलंय आणि सासरे म्हणतायत गोळ्यांनीच वाट लागली, बंद करा.

बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे: गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडली की एकामागून एक फिट्स येऊ शकतात, मधे शुद्धच येत नाही, आणि त्यात जीव जातो. पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर घरी वाट बघायची नसते, तडक हॉस्पिटल.

पण सासऱ्यांचा संशय अगदीच खोटा नाहीये. फेनिटॉइन रक्तात जास्त झालं की पहिला मार लहान मेंदूवर बसतो, आणि तोल, बोलण्याची लय, हाताचा नेम हे सगळं तोच सांभाळतो.

माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं होतं, २०११ मध्ये. ३०० वर नीट होता, एक फिट आली, डोस ४०० केला, आणि तीन आठवड्यांत पोरगा पाय फाकवून चालायला लागला, चहाचा कप तोंडाशी नेताना हात हुकायचा, शर्टची बटणं लागेनात. एसटी स्टँडवर लोक त्याला बेवडा म्हणाले, एका कंडक्टरने गाडीत घेतलं नाही. आयुष्यात दारूला शिवला नव्हता तो. त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता ते मला अजून दिसतं. आम्हाला वाटलं आजार वाढला. पाच महिने आम्ही तसेच काढले, कारण रक्तातली औषधाची लेव्हल तपासा असं कोणी म्हटलंच नाही आणि आम्हाला विचारायचं माहीत नव्हतं. शेवटी दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी डोळ्यांसमोर बोट डावीउजवीकडे नेलं, बुबुळं बाजूला जाऊन थरथरत राहिली, आणि त्यांनी लगेच लेव्हल लिहून दिली. ३४ आली.

साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम पर एमएल ही ठीक समजतात. २० च्या वर बुबुळं थरथरायला लागतात, ३० च्या आसपास तोल जातो, ४० च्या वर माणूस गुंगीत जातो, बरळतो. माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं पण क्रम बहुतेक हाच.

आता शंभरच मिग्रॅ वाढवले तर एवढा फरक कसा, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. मोरीचं बघा, भोकातून ठराविकच पाणी जातं, तेवढं ओतत राहिलात तर काही होत नाही, त्याच्यावर एक तांब्या जरी जादा ओतला तरी पाणी तुंबून घरात येतं. लिव्हरचं फेनिटॉइनच्या बाबतीत तसंच आहे, एका मर्यादेनंतर त्याचा वेग वाढत नाही, म्हणून डोस थोडा वाढला तरी लेव्हल दुप्पट होऊ शकते. म्हणून जाणकार डॉक्टर त्या टप्प्यावर २५-५० नेच वाढवतात. काही जणांचं लिव्हर जन्मतःच हे औषध हळू मोडतं, त्यांना ३०० सुद्धा जास्त होतं.

तेव्हा तुम्ही फेनिटॉइन लेव्हल आणि त्याच रक्तात अल्ब्युमिन अशा दोन टेस्ट करायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. अल्ब्युमिन का, तर हे औषध ९० टक्के रक्तातल्या प्रोटीनला, मुख्यतः या अल्ब्युमिनला, चिकटून असतं, ते कमी असेल तर मोकळं औषध जास्त राहतं आणि रिपोर्टमध्ये १५-१६ दिसूनही माणूस डुलत असतो. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्या, आदल्या गोळीची वेळ कागदावर लिहून न्या. नवीन काय काय चालू झालंय तेही सांगा, टीबीच्या औषधातलं आयसोनियाझिड, फंगससाठीचं फ्लुकोनॅझोल, यांनी लेव्हल चढते. गोळीची कंपनी बदलली असेल तर तेही. आणि कोणाच्या घरी सिरप चालू असेल तर बाटली प्रत्येक वेळी खूप हलवा, औषध तळाशी बसतं, पहिले पंधरा दिवस पाणचट आणि शेवटचे पंधरा दिवस ओव्हरडोस असं होतं.

एमआरआयचं घाबरून जाऊ नका, पण हलक्यातही घेऊ नका. आक्रसलेला लहान मेंदू वर्षानुवर्षं फेनिटॉइन घेतलेल्यांत दिसतो आणि खूप फिट्स आलेल्यांतही दिसतो, दोष कोणाचा किती यावर डॉक्टरांतच वाद आहे. दिरांची जुनी फिल्म असेल तर शोधून काढा आणि शेजारी ठेवून बघायला सांगा. दोन महिन्यांपूर्वी डोस वाढला आणि तेव्हापासूनच डुलणं सुरू झालं, हे बघता यातलं बरंचसं औषधाच्या लेव्हलचं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेवढं उतरतं. लहान मेंदूतल्या ज्या पर्किंजे नावाच्या पेशी मेल्या त्या मात्र परत येत नाहीत, म्हणून उशीर नको.

तरी बाकीची कारणंही डॉक्टर बघतीलच, बी-१२, थायरॉइड, दारू, घराण्यात कोणी असंच डुलणारं होतं का. सकाळी उठल्यावर हातापायाला बारीक झटके येत असतील तर ते नक्की सांगा, त्या प्रकारच्या एपिलेप्सीत फेनिटॉइनने उलट बिघडतं. आणि तोल एका दिवसात अचानक गेला, सोबत उलट्या, डोकं प्रचंड दुखणं, तर लेव्हलचा विचार करत बसू नका, तो लहान मेंदूचा स्ट्रोक असू शकतो.

मला फेनिटॉइनला शिव्या द्यायच्या नाहीत. १९३८ साली मेरिट आणि पटनम या अमेरिकन डॉक्टरांनी ते फिट्सवर चालतं हे दाखवलं, तोवर लोकांना ब्रोमाइड नाहीतर गुंगी आणणारं फिनोबार्बिटल एवढंच होतं. स्वस्त आहे, अजूनही लाखो घरं त्याच्यावर उभी आहेत. फक्त लेव्हल न बघता वाढवायचं औषध नाही ते.

भावाचा डोस लगेच ३०० वर आणला, लेव्हेटिरॅसिटाम हे फिटचं दुसरं औषध आधी जोडलं, ते बसल्यावर वर्षभरात फेनिटॉइन थोडं थोडं करून काढलं. बुबुळांची थरथर दोन आठवड्यांत गेली, कप धरता यायला महिना लागला, चालणं सहा महिन्यांत पुष्कळ सुधारलं. अंधारात आणि जिना उतरताना अजून कठडा धरतो, तेवढं राहिलंच. ते पाच महिने वाचले असते तर हेही राहिलं नसतं असं मला वाटत राहतं.

तोवर घरात बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवा, उभ्याने आंघोळ नको, आतून कडी नको. गॅसजवळ आणि गच्चीवर एकटं सोडू नका, गाडी तर अजिबात नको. चालतानाचा आणि बोलतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, ओपीडीत खुर्चीत बसलेल्या माणसाचा तोल डॉक्टरांना दिसत नाही. आणि दिरांना एवढं सांगा की हे तुमच्या हातात नाहीये, तुम्ही आळस करत नाही आहात.

लेव्हल आली की आकडा इथे टाका, अल्ब्युमिनसकट.