रत्नागिरीत सात दिवस: आधी तिथी बघा, मग बेत आखा

तुमचा प्रश्न असा आहे: नागपूरहून सहा जण, त्यात सत्तरीचे आईबाबा आणि दोन शाळकरी मुलं, हाताशी जानेवारीतले सात दिवस. रत्नागिरीला एक रात्र थांबून पुढे मालवण-गोवा गाठायचं, की आठवडाभर इथेच राहायचं? माझं अख्खं आयुष्य इथल्या मांडवी किनाऱ्याजवळ गेलंय, म्हणून मनापासून सांगते, इथेच राहा. मुक्काम शहरातच करा, रोज संध्याकाळी त्याच खोलीत परत या. रोज सामान बांधून पळण्यात म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

तुम्ही दिलेल्या तारखा मी पंचांगात पाहिल्या. शुद्ध दशमीला पोचताय आणि पौर्णिमेनंतर प्रतिपदेला निघताय. आमच्याकडे बाहेर पडायचं ते भरती-ओहोटी बघून, आणि त्यासाठी मोबाइल लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमीची पाऊणपट साडेसात, म्हणून साडेसातला भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरावर येतो. दहावीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण फिरायला एवढं पुरतं. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत-उतरत नाही, त्याला भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि तितकंच लांब जातं. तुमचा आठवडा उधाणाकडे सरकतोय, म्हणून समुद्राच्या मोठ्या गोष्टी शेवटी ठेवा.

पहिले दोन दिवस शहरातच फिरा. रेल्वे स्टेशन कुवारबावला, शहराबाहेर आहे, तेव्हा पहिल्या दिवशी पोचून जेवून झोपा. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर जा. दशमी-एकादशीला सूर्य बुडताना पाणी चढत असतं, जेट्टीच्या दगडांवर लाटा आपटताना दिसतात. आईबाबांना बसायला कठडा आहे, मुलांना भेळ आहे. वाळू काळसर आहे, तिला घाण समजू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघा. 1856 साली टिळक इथे जन्मले. तिथून पतितपावन मंदिर. स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांच्या पुढाकारातून आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशांतून 1931 साली हे मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना प्रवेश मिळावा म्हणून. मुलांना देवळात नेण्याआधी एवढं सांगून ठेवा, म्हणजे ती नुसता नमस्कार करून बाहेर येणार नाहीत.

दुपारनंतर थिबा राजवाडा, आणि इथे मात्र घाई करू नका. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा त्याला 1910 साली मिळाला, 1916 साली तो इथेच वारला. म्हणजे परक्या मुलखात तीस वर्षं. जांभ्या रंगाच्या भिंती आणि अर्धगोल खिडक्या सगळे बघतात. तुम्ही वरच्या मजल्यावर थोडं थांबा आणि त्या माणसाने रोज काय पाहिलं असेल ते मुलांना विचारा. मग थिबा पॉइंटवर जा. खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. त्याची समाधीही शहरातच आहे, शिवाजीनगरला. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले. आम्ही मात्र त्या रस्त्याने रोज जातो आणि आत डोकावत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिसरा दिवस रत्नदुर्ग आणि मिरकरवाडा. किल्ल्यावर भगवतीच्या देवळापर्यंत आईबाबा सावकाश जाऊ शकतात. वरून एकीकडे काळा समुद्र आणि दुसरीकडे पांढरा समुद्र दिसतो, नावं वाळूच्या रंगावरून पडलीत. संध्याकाळी पाचच्या सुमारास मिरकरवाडा बंदरावर उतरा. होड्या लागतात, टोपल्या खाली येतात आणि लिलाव सुरू होतो. पायात जुनी चप्पल घाला, सगळीकडे बर्फाचं पाणी असतं. मासे घ्यायचे असतील तर विक्रेत्या मावशींना कल्ला उघडून दाखवायला सांगा. त्या बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलतात. आतला रंग लालभडक असला तर मासा ताजा, तपकिरी झाला असेल तर पुढे चला. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. भाव विचारून गप्प उभे राहिलात तरी त्या रागावत नाहीत, फक्त वाटेत उभे राहू नका. मुलांना माशांची आवड लागली तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं संग्रहालय दाखवा. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे.

चौथ्या दिवशी कातळशिल्पं बघा. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, माणसाने हजारो वर्षांपूर्वी कोरलेले हत्ती, मासे आणि माणसं आहेत. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगाव हिंडून ती शोधली, 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव लागलं. आईबाबा बरोबर आहेत म्हणून उक्षीचा हत्ती निवडा. त्याच्याभोवती जांभ्याचा गोल कठडा बांधलाय, वरून पूर्ण दिसतो. सकाळी नऊच्या आत पोचा. ऊन तिरकं असलं की कोरलेल्या रेषेत सावली पडते आणि हत्ती उठून दिसतो. दुपारी बाराला त्याच जागी नुसता तांबडा कातळ वाटेल. फोटोसाठी रेषांत खडू भरू नका आणि कुणी भरत असेल तर थांबवा. सड्यावर सावली नाही, पाणी घरून घ्या.

पाचवा दिवस पावस. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमंदिरात शांत बसता येतं, दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो. पावसच्या थोडं पुढे पूर्णगडचा छोटा किल्ला करता येईल. मुचकुंदी नदी तिथे समुद्राला मिळते. त्या दिवशी ओहोटी साधारण पावणेपाचला, म्हणून परतताना भाट्याला थांबा. वाळू लांबवर उघडी पडलेली असेल, मुलांना मनसोक्त पळू द्या.

सहावा दिवस पौर्णिमेचा, आठवड्यातला सगळ्यात मोठा. पहाटे सहाला गाडी काढा, जयगडहून फेरीबोटीत गाडीसकट चढा, पलीकडे तवसाळला उतरून हेदवीला जा. दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं की खाली किनाऱ्यावर बामणघळ आहे. कातळातली ही एक अरुंद फट. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं, पुढे वाट मिळत नाही आणि ते सरळ उंच उसळतं. हे उधाणाच्या भरतीतच दिसतं, तेव्हा सव्वाअकराच्या आधी तिथे पोचा. कडेला जाऊ नका, कातळ निसरडा असतो. आईबाबांनी लांबूनच बघावं.

गणपतीपुळ्याचं मी मुद्दाम शेवटी सांगतेय. हेदवीहून परत येताना संध्याकाळी दर्शन घ्या. पुळ्यापर्यंत आलाच आहात तर मालगुंडला केशवसुतांचं घर बघा, मिनिटांच्या अंतरावर आहे. पुढे आरे-वारेच्या किनारी रस्त्याने शहरात या. पण गणपतीपुळ्याला पाण्यात कुणालाही उतरू देऊ नका. पुळ्याचा किनारा दोन पावलांत खोल होतो आणि ओहोटीचं पाणी आत ओढतं. माझा मामेभाऊ चांगला पोहणारा, गुडघाभर पाण्यात उभा होता. एका लाटेत पाय सुटले, दोराने ओढून काढला म्हणून वाचला. त्याच्या पायाखालची वाळू कशी निघून गेली ते तो अजून हाताने दाखवतो. त्या दिवशी पौर्णिमा आहे आणि संध्याकाळी ओहोटी, म्हणजे ओढ सगळ्यात जास्त. मुलं हट्ट करतील. पाय भिजवायचे ते आदल्या दिवशी भाट्याला, तेही घोट्यापर्यंतच आणि तुमचा हात धरून.

खाण्याबद्दल. जानेवारीत हापूस मिळत नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. बागा मोहोरलेल्या असतात, पावसच्या रस्त्यावर गाडीच्या काचा खाली करा, वास येतो. आईबाबा शाकाहारी आहेत, तर सकाळी घावणे आणि नारळाचा रस, दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात मागा. उकडीचे मोदक घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात.

सातवा दिवस मोकळा ठेवा. आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचं आगळ त्या सकाळी बाजारातून घ्या. आगळाचं बूच घट्ट लावून बाटली दोन पिशव्यांत गुंडाळा आणि गाडीत उभी ठेवा. सांडलं तर कपड्यांवरचा डाग निघत नाही.