जांभळं स्केचपेन

बेटा,

रात्री साडेअकराला तुझा मेसेज वाचला, "सर मत वाया गेलं, स्वतःचाच राग येतोय". जागाच होतो, लाईट गेलेली अन् अंगणात बाज टाकून पडलो होतो, फोन करणार होतो पण फोनवर मी भाषण देत बसतो असं तुझ्या काकू म्हणतात, म्हणून लिहितोय.

तू काही मूर्ख नाहीस. तू प्रचाराला फिरला, घरच्यांची मतं मिळवली, अन् माणूस निवडून येऊन दुसऱ्या गटात जाऊन बसला. 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी, तेव्हा आमच्या अमळनेरात पण पारावर हेच चाललेलं, एक म्हातारी शेवटी वैतागून म्हणे, "मत दी टाकं ना भो, आते रडीसन काय फायदा."

पण रागाच्या भरात दुसऱ्या पक्षाचा झेंडा उचलू नको. मी 27 वर्षं एकच चिन्ह दाबलं, का तर वडील दाबायचे. एकदा त्या चिन्हावर असा माणूस उभा होता की ज्याच्या हातात मी वर्गाचं हजेरीपत्रक दिलं नसतं, तरी बोट तिथंच गेलं. बाहेर टपरीवर एकाने विचारलं कोणाला दिलं, तर चक्क खोटं बोललो. तेव्हा कळलं की ही निष्ठा नाही, सवय आहे. अन् इकडे पाडळसरे धरण दर निवडणुकीत भाषणात भरून वाहतं, तापीवर मात्र अर्धवटच.

आता कायद्याचं बघ. पक्षांतरबंदी 1985 ची, तेव्हा एक तृतीयांश फुटले तर सूट होती, 2003 ला ती काढली, पण दोन तृतीयांश आमदार विलीन झाले तर सूट आहेच. म्हणजे एकटा गेला तर आमदारकी जाते अन् घोळक्याने गेले तर वाचते, वरून निकाल देणार विधानसभा अध्यक्ष, जे स्वतः कुठल्यातरी पक्षाचेच. माझं म्हणणं सरळ आहे, जायचं तर जा बाबा, पण राजीनामा देऊन परत आमच्या दारात ये, मग तुम्ही दोन असा का चाळीस.

नोटाचं म्हणशील तर त्याने फक्त राग निघतो. विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार आमदार होतो.

मला खरं पटलेलं वेगळंच आहे. मास्तर असल्यामुळे मी विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात मत द्यायचो. तिथं मशीन नाही, कागद देतात अन् सोबत जांभळं स्केचपेन, आणि नावापुढे आकडा लिहायचा, 1, मग वाटलं तर 2, 3. पहिल्यांदा 2 लिहिताना हात थबकला होता माझा, आपल्याला दुसरं पण कोणी चालतं हे कधी कोणी विचारलंच नव्हतं ना! वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त मिळाली तर लगेच जिंकतो, कोणालाच नाही मिळाली तर शेवटचा बाद होतो अन् त्याची मतं दुसऱ्या पसंतीला जातात. म्हणजे छोट्या पण चांगल्या माणसाला 1 दिला तरी मत फुकट जात नाही. लोकसभेला तसं नाही, 2014 ला 31 टक्के मतांवर भाजपच्या 282 जागा आल्या, आधी दुसऱ्यांचंही असंच झालंय, त्यात पक्षाचा काय दोष, मोजायची पद्धतच तशी. पसंतीच्या मतांची मोजणी रात्र रात्र चालते हे खरं, आणि शिकलेले मास्तर आकड्याऐवजी टिक करून मत बाद करतात हे पण खरं (हसू नको, आमच्या स्टाफरूममधलेच होते).

राष्ट्रपती असेच निवडून येतात, राज्यसभेचे खासदार पण. मग आमदाराला काय धाड भरली? हे प्रचाराला येईल त्या प्रत्येकाला विचार, पक्ष कुठला का असेना.

आणि तुझ्यापुरतं एक काम. विधान परिषदेच्या आपल्या नाशिक पदवीधर मतदारसंघाची पुढची निवडणूक 2029 च्या आसपास येईल, यादी दर वेळी नव्याने करतात, जुनं नाव धरत नाहीत. फॉर्म नंबर 18. डिग्रीला तीन वर्षं झालेली लागतात, तुझी 2023 ची, बसते. साक्षांकित झेरॉक्स काढून ठेव. आमच्या गल्लीत पदवीधर डझनभर, मागच्या यादीत नावं तिघांची.

तुझा,
सर