बेसबॉल कार्डांचा पुस्तकी भाव आणि हातात पडणारे डॉलर

गराज सेलमधून आणलेला कार्डांचा खोका, सोबत मिळालेलं 1991 चं बेकेटचं, कार्डांचे भाव छापणारं मासिक, आणि कॅल्क्युलेटरवर साडेचार हजार डॉलर. चांगली कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून अवस्था तपासून दहापैकी ग्रेड घ्यायला पाठवू का, हा तुमचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "अरे, हे तर आपलंच!" म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डीलर नाही, हौशी माणूस आहे; माझंही तपासूनच घ्या.

आधी ते मासिक बाजूला ठेवा. चाळायला झकास, भावासाठी बाद. तो ऐन फुगवट्यातला भाव आहे. साधारण 1987 ते 1993 या काळात टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, अपर डेक या सगळ्याच कार्ड कंपन्यांनी बेसुमार छापलं, आणि लोकांनी पोरांच्या कॉलेजची सोय म्हणून खोकेच्या खोके जपून ठेवले. आता त्या ढिगाने छापलेल्या, कवडीमोल कार्डांना 'जंक वॅक्स' म्हणतात. तुमच्या यादीतली 1990 ची डॉनरस आणि 1991 ची पिवळ्या बॉर्डरची फ्लीअर त्यातलीच.

तीन हजार कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंची कार्डं, प्रत्येकी पाच सेंट, म्हणजे दीडशे डॉलर, हा हिशोबही सोडा. कुणाला सेट पुरा करायला नेमकं तेच कार्ड हवं असेल, तर दुकानदार ते हुडकून देण्याचे पाच सेंट घेतो. तुमच्याकडून त्या भावाने कोणी घेणार नाही.

खरा भाव ईबेवर, पण 'सोल्ड'चा, म्हणजे खरोखर विकलेलंच दाखवणारा फिल्टर लावून. मागायला काय, कोणीही काहीही मागतो. त्यातही 'बेस्ट ऑफर'ने, म्हणजे घासाघीस करून गेलेल्या कार्डाची खोडलेली किंमत दिसते ती मूळ मागणीची. सौदा त्याहून कमीत झालेला असतो. आणि ताडून बघायचं ते त्याच अवस्थेतल्या कार्डाशी. 1980 च्या टॉप्समधलं रिकी हेंडरसन या खेळाडूचं 482 नंबरचं रुकी कार्ड, म्हणजे सुरुवातीचं पहिलं कार्ड घ्या. दहा ग्रेडचं आणि आठ ग्रेडचं, दोन्ही लांबून सारखीच दिसतात, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. डावी-उजवी बॉर्डर जरा कमीजास्त, एका कोपऱ्याला पांढरा ठिपका, की गेला दहा.

आता ग्रेडिंग, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. माझ्या मते पाठवू नका. हेच हेंडरसन मी 2021 च्या तेजीत एका कंपनीकडे पाठवलं होतं, नाव घेत नाही. तेव्हा सगळीकडेच ढीग साचलेले, उशीर समजू शकतो. पण वेबसाइटवर महिनोन्महिने तोच एक शब्द, फोन कोणी उचलायचं नाही, ईमेलला दर वेळी नवा माणूस आणि तेच छापील उत्तर. शेवटी कार्ड परत आलं ते ग्रेडशिवाय. कारण? 'कडा कापलेल्या', म्हणजे कार्ड नवं दिसावं म्हणून कोणी छाटलंय. एवढंच. कुठली कड, कशावरून, काही नाही. दुकानात त्याच सालच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिलं, केसभरही फरक नाही. तसं विचारलं, तर म्हणे आम्ही निर्णयाची चर्चा करत नाही. फी मात्र पूर्ण कापली. तोवर बाजारही उतरला होता. सरकारी कचेरीत निदान कोणावर तरी आवाज चढवता येतो हो!

सगळ्यांनाच असा अनुभव येतो असं म्हणत नाही. पण फी, जाण्यायेण्याचं टपाल, विमा हे सगळं धरून नऊ ग्रेड आला तरी पैसे सुटतात का, ते आधी बघा. फक्त दहा आला तरच सुटत असतील तर तो जुगार आहे, आणि पत्ते त्यांच्या हातात.

जाता जाता: रबरबँड लावले असतील तर आजच काढा, कडांना खाचा पडतात. चांगलं कार्ड आधी पेनी स्लीव्ह या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या कव्हरात. विकून नफा झालाच तर कलेक्टिबल्सवर दीर्घकालीन नफ्याचा फेडरल कर 28 टक्क्यांपर्यंत जातो. त्यासाठी सीपीए, म्हणजे अमेरिकी सनदी हिशेबनीस गाठा, मला विचारू नका.

आणि खोक्यात 1989 चं अपर डेक दिसलं तर 1 नंबरचं कार्ड शोधा, केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचं. सापडलं तर पुढचा फोटो टाका आणि मागचाही, होलोग्राम नीट दिसेल असा. चारी कोपरे जवळून घ्या, फ्लॅश न मारता.