पुन्हा वाढलेलं शिसं

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा. पोटात दुखायचं, जेवत नव्हता, चेहरा फिकट पडला होता. तपासणीत रक्तातलं शिसं ५२ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) निघालं. त्याचे बाबा जुन्या बॅटऱ्या फोडून शिशाच्या प्लेटा काढतात, पण कारखान्यात. घरी काहीच काम नाही. १९ दिवस कॅप्सूल दिल्या, शिसं २२ वर आलं. महिन्याने परत ३६! औषध लागू पडलं नाही का? शेजारी सांगतात, सलाईनमधून 'चिलेशन' करून घ्या, सगळं शरीर साफ होतं. धाकटी नऊ महिन्यांची आहे, रांगते. तिच्यामागे धावताना याच्याकडे दुर्लक्ष झालं असेल का?
– एक आई

उत्तर : ताई, औषध लागू पडलं. आणि तुमचं दुर्लक्षही झालेलं नाही.

कॅप्सूल उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला असेल, तर ते सक्सिमर. त्याचा रेणू शिशाला दोन्ही बाजूंनी धरतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. यालाच चिलेशन म्हणतात. 'चिलेट' हा शब्दच खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. पण ही नांगी मुख्यतः रक्तातलं आणि मऊ अवयवांतलं शिसं पकडते. हाडांत मुरलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथेच असतं आणि रक्त रिकामं झालं की हळूहळू रक्तात उतरत राहतं. म्हणून औषध थांबल्यावर आकडा थोडा चढणारच. गरज वाटली तर डॉक्टर दुसरा कोर्स देतील. लहान मुलांत हे औषध साधारण ४५ आणि त्यापुढे देतात. ३६ ला आधी शिसं येतं कुठून ते शोधायचं.

अशाच एका मुलाच्या घरी मी स्वतः गेले होते. तिथेही 'घरी काम नाही' हेच सांगितलं होतं. वडिलांचा खाकी शर्ट खुंटीला, आणि बरोबर त्याखाली मुलाचं अंथरूण. शर्ट झटकला तर उशीवर करडी धूळ पडली. मला त्या क्षणी रडू आलं, कारण आम्ही त्या पोराला दोनदा औषध देऊन त्याच उशीवर परत पाठवलं होतं.

तेव्हा बाबांनी कामावरच आंघोळ करून कपडे बदलायचे, चपला दाराबाहेर. ते कपडे वेगळे धुवा. घर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलाचं लोह कमी असेल तर भरून काढा. लोह कमी असलं की आतडी शिसं जास्त ओढतात.

शेजाऱ्यांचं सलाईन मात्र नको, हे मी हात जोडून सांगते. चिलेशनसाठी सलाईनमधून देतात ती ईडीटीए नावाची दोन औषधं आहेत. कॅल्शियम असलेलं शिशासाठी, रुग्णालयातच देतात. दुसरं, नुसतं डायसोडियम, रक्तातलं कॅल्शियमच खेचून घेतं आणि हृदय थांबू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ मध्ये चिलेशननंतर कॅल्शियम असं घसरून तीन मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यांत दोन लहान मुलं होती. 'शरीर साफ करायला' ते कुणालाच देऊ नये.

आणि धाकटीचं रक्त तपासलंत का? पत्रात तसं काही नाही. ती त्याच फरशीवर रांगते, हात तोंडात घालते. याच आठवड्यात तिची तपासणी करून घ्या आणि दोघांचे आकडे मला कळवा.