सातबाऱ्यावर ‘कलम 43’चा शेरा असलेली कुळाची जमीन विकता येते का?

तुम्ही विचारलंय की आजोबांना कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम 43 चा, म्हणजे परवानगीशिवाय विकायला बंदी असल्याचा, शेरा आहे, ती विकता येईल का. आणि कायदा कुळाच्या बाजूचा, तर बंधन कुळालाच का?

विकता येते. पण आधी 32 म चं प्रमाणपत्र, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला, घरात आहे का शोधा. आमची जमीन गुहागर तालुक्यात. कार्यालयात तीन हेलपाटे झाले, दरवेळी ‘दप्तर सापडत नाही’. शेवटी प्रमाणपत्र निघालं आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डाखाली, घडीवर फाटलेलं. तुमच्याकडे नसेल तर जुने फेरफार काढा आणि 32 ग ची किंमत (कुळाने जमिनीसाठी द्यायची रक्कम) ठरली होती का, भरली होती का ते बघा. पुष्कळांचं घोडं इथंच पेंड खातं. नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कात कूळ म्हणून, किंमत मात्र कुणी भरलेलीच नाही.

प्रमाणपत्राला 10 वर्षं होऊन गेली असतील तर 2014 च्या दुरुस्तीनंतर पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारकडे भरायचा. आमचा आकार 3 रुपये 20 पैसे, म्हणजे नजराणा 128 रुपये. रिक्षाला त्याहून जास्त गेले! घेणारा मात्र शेतकरीच हवा, आणि तुकडेबंदी (फार लहान तुकडे पाडायला मनाई), सीलिंग (जमीन धारण करायची कमाल मर्यादा) आड येता कामा नये.

आता बंधन का. पूर्वी कोकणात भाताचं निम्मं पीक खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, घरी जायचं, त्याला अर्धेल म्हणत. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी 1933 पासून वर्षानुवर्षं शेती पिकवायचीच बंद ठेवली. बाबासाहेबांनी 1937 मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, कायदा व्हायला 1949 उजाडलं. कुळकायदा 1948 चा, आणि पुढच्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कसणारा मालक ठरला. पण हातात पैसा नसलेला मालक. एका लग्नात किंवा एका आजारपणात जमीन परत सावकाराकडे गेली असती, म्हणून ही खुंटी. तेव्हा ती योग्यच होती असं मला वाटतं.

इसार घ्यायची घाई करू नका. 43 मोडून केलेला व्यवहार अवैध ठरतो. आणि आत्यांची वारसनोंद झालीय का पाहा. आमच्याकडे नेमकी तीच राहिली होती.